‘वय झालं’ म्हणण्यापूर्वी



एक चित्र डोळ्यांसमोर आणा. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा आहेत. तीस-पस्तीस वर्षे त्यांनी शाळेत गणित शिकवले. पहाटे उठून फेरी मारायची, परतताना दुधाची पिशवी आणायची, चहाबरोबर वृत्तपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे आणि शब्दकोडे सोडवूनच जागेवरून उठायचे, हा त्यांचा नेम. दिवाळीनंतर तो नेम हळूहळू मोडत गेला. आधी फेरी बंद झाली; कारण सांगितले गुडघ्याचे. मग शब्दकोडे कोरे राहू लागले. कारण सांगितले चष्म्याचे. आता वृत्तपत्राची घडीही मोडत नाही, संध्याकाळी ते तसेच रद्दीत जाते. ताटात दोन घास उरतात. पहाटे तीनला जाग येते, ती पुन्हा डोळा लागू देत नाही. पोट साफ होत नाही, पाठ धरते, तोंडाला चव नाही, या तक्रारी मात्र रोजच्या झाल्या आहेत. रक्त तपासले, पोटाची सोनोग्राफी झाली, हृदयाचा आलेख काढला. सारे ठीक निघाले. घरातल्यांना हायसे वाटले आणि त्यांनी एकमेकांची समजूत घातली, ‘‘वय झालं आता, असं व्हायचंच.’’

हे एका विशिष्ट घराचे चित्र नव्हे. थोड्याफार फरकाने ते अनेक घरांत दिसते. या सगळ्या काळात ‘उदास’ हा शब्द ना आजोबांच्या तोंडून निघाला, ना घरातल्या कुणाच्या. गुडघ्याची, चष्म्याची, पोटाची चौकशी झाली. मनाची चौकशी राहून गेली. उतारवयात नैराश्य आणि चिंताविकार हे आजार होतात, ते वयाचा अपरिहार्य भाग नसतात आणि उपचारांनी बरे होतात, एवढे एकच म्हणणे या लेखातून आपल्यापर्यंत पोहोचवायचे आहे.

आजार वेगळ्या वेशात येतो

तरुण माणूस नैराश्यात असेल तर अनेकदा तो सांगतो, ‘मला वाईट वाटते, रडू येते.’ उतारवयात हा आजार पुष्कळदा शरीराची भाषा बोलतो. अंग दुखते, गळून गेल्यासारखे होते, भूक मरते, वजन उतरते, झोप पहाटेच तुटते. रडू येत नाही. उलट काहीच वाटेनासे होते. नातवंडे आली तरी मन फुलत नाही, आवडीची पुरणपोळी पानात पडली तरी जीभ जागी होत नाही. काहींच्या बाबतीत चिडचिड वाढते. शांत स्वभावाच्या आजी क्षुल्लक कारणावरून ताट बाजूला सारतात, तेव्हा घरातल्यांना तो हट्ट वाटतो.

ज्या पिढीने मनाविषयी बोलायचे नसते असेच ऐकले, तिला पाठदुखी सांगणे सोपे जाते. यात ढोंग नसते. ती दुखणी खरी असतात. मन खचले की शरीराची वेदना अधिक जाणवते, हे वैद्यकशास्त्र मान्य करते. मन उदास असणे किंवा कशातच रस न उरणे, यांपैकी एक तरी लक्षण दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ दिसत असेल आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणाची भावना यांत बदल असतील, तर डॉक्टरांशी बोलण्याची वेळ झाली असे समजावे.

चिंताविकाराचे रूप आणखी वेगळे. मुलाचा फोन दहा मिनिटे उशिरा आला की छातीत धडधडते. गॅस बंद केला का, कडी लावली का, उद्याच्या तपासणीत काय निघेल, अशी काळजीची साखळी तुटत नाही. पोटात गोळा येतो, हातापायांना घाम सुटतो, जीव घाबरा होतो. एकदा पाय घसरून पडलेली व्यक्ती पुन्हा पडण्याच्या धास्तीने जिना उतरणेच सोडते; चालणे थांबल्याने पाय आणखी दुबळे होतात आणि पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. छातीत धडधडणे किंवा दम लागणे प्रथमच होत असेल, तर ते ‘मनाचे’ आहे असे घरच्या घरी ठरवू नये. हृदय आणि फुप्फुसांची तपासणी आधी झालीच पाहिजे. चिंता आणि नैराश्य ही दोन्ही बऱ्याचदा हातात हात घालून येतात, हेही लक्षात ठेवावे.

शोक, विसर आणि नैराश्य

आयुष्याचा जोडीदार गेला, तर माणूस रडणारच. शोक हा आजार नव्हे. शोक लाटांसारखा येतो; लाट ओसरली की माणूस आठवणीत हसतोही, जेवतोही, शेजारणीला ‘ये गं’ म्हणतोही. नैराश्यात ओहोटी नसते. शोकात ‘तो गेला’ हे दुःख असते. नैराश्यात ‘मी निरुपयोगी आहे, साऱ्यांना माझे ओझे झाले आहे’ हा विचार ठाण मांडून बसतो. महिने लोटले तरी दिवस पुढे सरकत नसेल, अन्नपाणी तुटत असेल, तर त्याला केवळ शोक म्हणून सोडून देऊ नये.

दुसरा गोंधळ विसरभोळेपणाचा. नैराश्यात एकाग्रता इतकी ढासळते की स्मृती गेल्यासारखी वाटते. अशी व्यक्ती बहुधा स्वतःच कळवळून सांगते, ‘मला काही म्हणजे काही आठवत नाही,’ आणि प्रश्नाला लगेच ‘माहीत नाही’ म्हणते. हा बदल काही आठवड्यांत होतो. स्मृतिभ्रंश साधारणतः महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो आणि ती व्यक्ती आपली चूक लपवण्याचा, सावरून घेण्याचा प्रयत्न करते. पण हे ठोकताळे आहेत. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात. त्यामुळे निवाडा तज्ज्ञांवर सोपवावा. मात्र काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस अचानक भ्रमिष्टासारखा बोलू लागला, वेळ-स्थळ विसरला, तर ते नैराश्य नव्हे. मूत्रमार्गाचा संसर्ग, क्षारांची कमतरता, औषधाचा परिणाम अशी कारणे त्यामागे असू शकतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

पहिली पायरी: शरीराची झडती

थायरॉईड ग्रंथी मंदावली तर मन मंदावते. रक्तातील लोह घटले, बी-१२ जीवनसत्त्व कमी झाले, तर थकवा, विसर, उदासी येते. शाकाहारी व्यक्तींत, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी गोळ्या अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होण्याची शक्यता अधिक असते. म्हणून उपचारांच्या प्रारंभी डॉक्टर हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२, साखर, सोडियम अशा तपासण्या सांगतात. त्या टाळू नयेत.

डॉक्टरांकडे जाताना एक काम अवश्य करा. घरातील सर्व औषधे एका पिशवीत भरून न्या: रक्तदाबाच्या गोळ्या, वेदनाशामके, डोळ्यांचे थेंब, काढे, चूर्णे, शेजाऱ्यांनी सुचवलेली झोपेची गोळी, सारे काही. कोणते औषध कोणत्या औषधाच्या आड येते, हे त्या पिशवीतूनच कळते. कान आणि डोळेही तपासून घ्या. चारचौघांतले बोलणे ऐकू येईनासे झाले की माणूस आपोआप कोपऱ्यात सरकतो, आणि आपण म्हणतो, ‘हल्ली ते कुणात मिसळत नाहीत.’

ज्येष्ठांसाठी १९८०च्या दशकात अमेरिकेत एक प्रश्नावली तयार झाली, ती ‘जेरिॲट्रिक डिप्रेशन स्केल’ या नावाने जगभर वापरली जाते. मूळ प्रश्न ३०, पुढे १५ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती निघाली. उत्तरे केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी द्यायची असतात. तिच्यात झोप, भूक यांसारख्या शारीरिक तक्रारींवर भर दिलेला नाही, कारण त्या वयामुळे किंवा अन्य आजारांमुळेही असू शकतात. भर आहे तो आवडीनिवडी, उमेद आणि निरुपयोगीपणाची भावना यांवर. ही प्रश्नावली निदान करीत नाही. कुणाशी सविस्तर बोलायला हवे, एवढे ती दाखवते.

औषधांविषयी चार सरळ गोष्टी

पहिली गोष्ट धीराची. नैराश्यावरील औषध डोकेदुखीच्या गोळीसारखे तासाभरात काम करीत नाही. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात. उतारवयात पूर्ण गुण यायला त्याहून अधिक काळ लागू शकतो. त्यातच मळमळ, पोट बिघडणे, किंचित अस्वस्थता हे त्रास आधी येतात आणि गुण नंतर. नेमक्या याच टप्प्यावर अनेक घरांत गोळी बंद होते. या पहिल्या पंधरवड्याची कल्पना आधीच असेल, तर तो निभावता येतो. ज्येष्ठांना डॉक्टर कमी मात्रेपासून आरंभ करतात आणि सावकाश वाढवतात. ‘गोळी फारच छोटी दिली’ असे वाटून नाराज होऊ नये.

दुसरी गोष्ट सवयीची. ‘मनाच्या गोळ्यांची सवय लागते’ हे वाक्य दोन वेगळ्या औषधांची गल्लत करते. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम यांसारखी नैराश्य आणि चिंता या दोहोंवर दिली जाणारी औषधे व्यसन लावत नाहीत; त्यांची तलफ येत नाही. मात्र ती एकाएकी थांबवली तर चक्कर, बेचैनी येऊ शकते, म्हणून ती हळूहळू उतरवतात. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गटातील झोपेच्या व शामक गोळ्यांची गोष्ट निराळी. त्यांची सवय लागते, वयस्करांत तोल जाऊन पडण्याचा, विसर वाढण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली अशी गोळी जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे आणत राहणे घातक आहे. तितकेच घातक म्हणजे हे वाचून ती आज रात्रीच बंद करणे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्यानेच कमी करावी.

तिसरी गोष्ट सोडियमची. वर सांगितलेल्या पहिल्या गटातील औषधांमुळे काही ज्येष्ठांच्या रक्तातील सोडियम घटते. लघवीचे प्रमाण वाढवणारी रक्तदाबाची गोळी जोडीला असेल तर अधिकच. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत विलक्षण ग्लानी, गोंधळ, तोल जाणे दिसले तर त्वरित कळवावे. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बरे वाटू लागणे म्हणजे आजार संपणे नव्हे. बरे वाटल्यानंतरही औषध साधारण सहा महिने ते वर्षभर, आणि आजार पुन्हा पुन्हा उलटला असेल तर अधिक काळ घ्यावे लागते. ‘आता ठणठणीत आहे, कशाला हव्यात गोळ्या?’ हा प्रश्न आनंदाचा खरा, पण त्याचे उत्तर डॉक्टरांकडून घ्यावे.

काही जणांच्या मनाला उदासीबरोबर विपरीत उधाणाचेही झटके येतात: झोपेची गरजच वाटत नाही, बोलणे आवरत नाही, पैसा पाण्यासारखा उडतो. हा द्विध्रुवीय विकार. त्याच्यावरील उपचार वेगळे असतात. लिथियम घेणाऱ्यांनी रक्तातील त्याची पातळी, मूत्रपिंडे आणि थायरॉईड यांची नियमित तपासणी करावी. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हाळ्यात पाणी कमी पडले किंवा मनाने वेदनाशामक गोळी घेतली तर लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. एकादशी, चातुर्मास यांचे निर्जळी उपवास अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

औषधाइतकेच मोल संवाद-उपचाराचे. प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ विचारांची गाठ कुठे बसली आहे हे दाखवतात आणि ती सोडवण्याचा सराव करून घेतात. ‘या वयात काय बदलणार?’ ही शंका निराधार आहे. ज्येष्ठांना या पद्धतीचा चांगला उपयोग होतो. अन्नपाणीच सुटले आहे, जिवाला धोका आहे, अशा तीव्र नैराश्यात विद्युत-उपचार सुचवला जातो. चित्रपटांनी त्याची भीती भरून ठेवली आहे. वास्तवात तो भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच करावा लागतो, कायद्यानेही तसे बंधन आहे, आणि गंभीर रुग्णांत तो लवकर गुण देतो.

आपले आपण काय करावे?

उपचार चालू असताना आपल्या हातीही बरेच काही असते. नैराश्यात माणूस म्हणतो, ‘मन लागले की करीन.’ येथे क्रम उलटा करावा लागतो. आधी करायचे, मन मागाहून येते. म्हणून कामे इतकी लहान ठेवा की नकार द्यायला जागा उरू नये. पहिल्या आठवड्यात फक्त अंघोळ करून बाहेरचे कपडे घालायचे. दुसऱ्या आठवड्यात फाटकापर्यंत पाच मिनिटे. मग कोपऱ्यापर्यंत. वहीत तारीख टाकून त्यापुढे केलेल्या कामाची एक ओळ लिहा. वाईट दिवशी हीच वही साक्ष देते की काहीच होत नाही असे नाही.

सकाळच्या उजेडात बसा. उजेडाने शरीराचे घड्याळ जागेवर येते आणि रात्रीची झोप सुधारते. दुपारची डुलकी अर्ध्या तासात आटोपा, चहा-कॉफी दुपारी चारनंतर टाळा. झोप येत नाही म्हणून मद्याचा घोट घेऊ नका. ते झोप तोडते, मन अधिक खचवते आणि औषधांशी भांडते. जेवण जात नसेल तर दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे घ्या: मुगाची खिचडी, ताक, भाकरीचा काला, नाचणीची आंबील.

चिंतेसाठी दोन उपाय करून पाहा. एक श्वासाचा: मनात चार अंक मोजत नाकाने श्वास घ्या, सहा अंक मोजत सावकाश सोडा, पाच मिनिटे, दिवसातून दोनदा. श्वास रोखून धरू नका. जीव घाबरा झाल्यावर शिकायला बसण्यापेक्षा शांत वेळी सराव केलेला बरा. दुसरा उपाय काळजीला वेळ नेमून देण्याचा: संध्याकाळी पाच ते सव्वापाच. दिवसभरात मनात येणारी काळजी कागदावर टिपा आणि तिला सांगा, ‘पाच वाजता ये.’ पाच वाजता यादी वाचताना तिच्यातील निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या दिसतील. उरलेल्यांपैकी ज्यांच्याबाबत काही करता येईल, तेवढे करा.

एक नाजूक बाब. अनेक श्रद्धाळू आजी-आजोबांना वाटते, ‘इतकी वर्षे नाम घेतो, तरी मन शांत नाही, माझीच भक्ती कमी पडली.’ आजाराच्या वेदनेवर ही अपराधाची वेदना चढते. आपल्या संतांनी मनाची तळमळ लपवली नाही. करुणेच्या अभंगांची आपली परंपरा आणि समर्थांची ‘करुणाष्टके’ त्या तळमळीतूनच आली. नाम, भजनी मंडळ, हरिपाठ हे आधार आहेत, ते अवश्य ठेवा. मधुमेह झाला तर आपण भक्तीला दोष देत नाही. नैराश्यातही देऊ नये. देव्हाऱ्यापुढची समई आणि औषधाची गोळी यांच्यात वैर नाही.

सांभाळणाऱ्यांसाठी

घरातील माणसांनी सर्वाधिक उच्चारलेले आणि सर्वाधिक बोचलेले वाक्य असते, ‘‘तुम्हाला कमी काय आहे?’’ हेतू धीर देण्याचा असतो. पोहोचतो तो आरोप. ‘मन खंबीर करा’ हेही तसेच. मोडलेल्या पायाला आपण ‘धाव’ म्हणत नाही. त्याऐवजी शेजारी बसून एवढेच म्हणा, ‘‘दिवाळीपासून तुम्ही गप्प गप्प असता, मला काळजी वाटते. काय होतंय?’’ आणि मग थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. मधली शांतता सल्ल्यांनी भरू नका.

प्रेमापोटी होणारी आणखी एक चूक म्हणजे सारी कामे काढून घेणे. ‘आई, तू नुसती बस.’ ज्या हातांनी पन्नास वर्षे घर चालवले, ते हात रिकामे झाले की ‘माझी गरज उरली नाही’ हा विचार पक्का होतो. लसूण सोलणे, तुळशीला पाणी घालणे, नातवाचा गृहपाठ पाहणे, दुधाचा हिशोब ठेवणे, असे एक तरी काम त्यांच्याच नावावर ठेवा आणि ते सावकाश झाले तरी हिसकावून घेऊ नका. आठवड्याच्या वारांचे कप्पे असलेल्या डबीत गोळ्या भरून ठेवा. ज्येष्ठ नागरिक संघ किंवा विरंगुळा केंद्रात नुसते ‘जात जा’ म्हणू नका. पहिले चार दिवस सोबत जाऊन बसा. परदेशी असलेल्या मुलांनी अधूनमधून तासभर बोलण्यापेक्षा ठरल्या वेळी रोज दहा मिनिटे फोन करावा. ठरलेली वेळ दिवसाला खुंटीसारखा आधार देते.

आणि सांभाळणारे हो, आपल्याकडेही पाहा. बहुतेक घरांत हा भार एका सुनेवर, एका लेकीवर किंवा स्वतःही थकलेल्या जोडीदारावर पडतो. त्यांची झोप मोडते, चिडचिड वाढते, मग त्या चिडण्याचा पश्चात्ताप होतो. आठवड्यातून एक दुपार तरी दुसऱ्या कुणी घर सांभाळावे, हा हक्क मानावा, उपकार नव्हे.

जे शब्द हलके घेऊ नयेत

‘देवा, ने आता’ हे आपल्याकडे अनेक वृद्धांच्या तोंडी असते. प्रत्येक वेळी त्यात धोका नसतो. परंतु त्याच्या जोडीला माणूस अबोल होत गेला, जपून ठेवलेल्या वस्तू वाटू लागला, निरवानिरव करू लागला, गोळ्या साठवू लागला, अन्न-औषध नाकारू लागला, तर सावध व्हा. सरळ विचारा: ‘‘जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घेण्याचे विचार येतात का?’’ विचारल्याने हा विचार मनात पेरला जात नाही. उलट, कुणीतरी ऐकायला तयार आहे, याने माणूस हलका होतो. उत्तर ‘हो’ आले तर त्यांना एकटे ठेवू नका, औषधे आणि शेतीची कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

मदत कुठे मिळेल? केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते, मराठीतही. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग असतो, जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्याची सेवा मिळते. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. गोव्यात बांबोळी येथे शासकीय संस्था आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागात दाखवायला जाणे म्हणजे दाखल होणे नव्हे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारासाठी विमासंरक्षण शारीरिक आजाराच्या बरोबरीने द्यावे असे सांगितले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला काळजी आणि उपचार द्यावेत, असेही त्यात आहे. पोलिसांच्या भीतीने अशी घटना दडवू नये.

बरे होणे कसे दिसते?

आरंभीच्या आजोबांकडे परत येऊ. उपचार लागू पडले तर ते एके दिवशी खळखळून हसतील, अशी वाट पाहू नका. बरे होणे लहान पावलांनी येते. आधी झोप पहाटे तीनऐवजी साडेचारला तुटते. मग भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार येते. चव परत आल्याची ती खूण. मध्येच दोन दिवस पुन्हा मागे गेल्यासारखे वाटते, तेव्हा औषध सोडायचे नसते. आणि मग एखाद्या सकाळी ते विचारतात, ‘‘आजचा पेपर कुठे ठेवला?’’

पुढील अंक हाती येईपर्यंतच्या पंधरा दिवसांसाठी एक छोटे काम. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्तीने, किंवा आपण स्वतःच, गेल्या सहा महिन्यांत न बोलता काय काय सोडून दिले आहे, याची यादी करा. फेरी, वाचन, फोन, देवदर्शन, भिशी, शेजारच्या पायरीवरच्या गप्पा. यादीत दोनहून अधिक गोष्टी आल्या, तर ‘वय झालं’ असे म्हणण्यापूर्वी ती यादी घेऊन आपल्या डॉक्टरांना भेटा.